नव्या कोंबड्या खुराड्याला कशा रुळवायच्या

पहिल्या चार कोंबड्या मी एका रविवारी सकाळी दहा वाजता घरी आणल्या आणि हौसेने लगेच मागच्या अंगणात सोडल्या. दिवसभर मजा झाली. शेजारची मुलं भिंतीवर चढून बघत होती, सासूबाई ओट्यावरून ‘कढीपत्त्याकडे जाऊ देऊ नकोस गं’ म्हणत होत्या. संध्याकाळी खुराड्याचं दार उघडं ठेवून आम्ही चहा घेत बसलो, आता येतील एकेक आत या भरवशावर. त्यांनी खुराड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दिवे लागायच्या सुमारास तिघी भिंतीवरून शेवग्यावर चढल्या आणि चौथी स्कूटरच्या पायदानावर बसली. चौथीला त्याच रात्री बोक्याने नेलं. सकाळी फाटकाजवळ पिसं तेवढी सापडली.

शेवग्यावरच्या तिघी पहाटे सुखरूप उतरल्या, पण संध्याकाळी परत शेवग्यावर. तिसऱ्या दिवशीही तेच. खुराड्यात दाणा होता, पाणी होतं, नवीन भुसा होता. पण त्यांच्या लेखी शेवगा हेच घर ठरलेलं होतं. पुढच्या नऊ संध्याकाळी शिडी लावून एकेकीला काढून आत ठेवलं, तेव्हा दहाव्या दिवशी त्या आपणहून आत शिरल्या.

कोंबडी घर ओळखते ती तिथे झोपून. दिवसा कुठे चरली, कुठे पाणी प्याली यावर तिचं घर ठरत नाही. तेव्हापासून इंदूरच्या या घरात मी चार वेळा नव्या कोंबड्या आणल्या आणि दर वेळी आधी रात्रीचा विचार केला.

कोंबड्या येण्याआधी

खुराडं पूर्ण तयार झाल्याशिवाय पक्षी आणू नका. ‘आणल्यावर दोन दिवसांत जाळी ठोकून घेऊ’ हे दोन दिवस बोक्याला पुरतात.

माप सोपं आहे. आतल्या खुराड्यात दर कोंबडीला चार चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीच्या अंगणात निदान दहा. म्हणजे पाच कोंबड्यांना चार बाय पाचचं खुराडं आणि पाच बाय दहाचं अंगण. पहिले काही दिवस त्या आतच कोंडलेल्या राहणार आहेत, त्यामुळे इथे काटकसर केली तर एकमेकींना टोचायला लागतात.

बसायची दांडी लाकडाची हवी, साधारण दोन इंच रुंद, कडा रंध्याने गोल केलेल्या. कोंबडी बसते तेव्हा पायाची बोटं पिसांखाली झाकून घेते. थंडीत याचा फार उपयोग होतो आणि गोल लोखंडी पाइपवर ते जमत नाही. दर कोंबडीला आठ-दहा इंच जागा धरा. दांडी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असावी आणि अंड्यांच्या खोक्यांपेक्षा वर असलीच पाहिजे. खुराड्यातली सर्वांत उंच जागा ही झोपायची जागा, हा त्यांचा नियम आहे. खोकी वर ठेवलीत तर त्या खोक्यात झोपतील, रात्रभर शिटतील, आणि मग अंडी धूत बसा.

हवा डोक्याच्या वरून खेळायला हवी. छपराच्या खाली समोरासमोरच्या दोन बाजूंना सहा-सहा इंचांची जाळीची पट्टी ठेवली की ओल आणि शिटीचा उग्र वास निघून जातो. माळव्याच्या डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की आमच्याकडे कोणी ना कोणी मायेने या पट्ट्या गोणपाटाने बंद करायला जातं. नका करू. कोरड्या पिसांच्या मोठ्या कोंबडीला आपली थंडी सहज सोसते. ओल आणि थेट अंगावर येणारा झोत सोसत नाही. झोत अडवायचा तर दांडीच्या पातळीला फळी लावा, वरची पट्टी उघडीच राहू द्या. उन्हाळ्यात उलट काळजी. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा मुख्य उपाय. पश्चिमेची बाजू वेलाने, चटईने, जुन्या साडीने, कशानेही झाका, कारण मे महिन्यात दुपारी तीनचं ऊन पत्र्यावर पडलं की आत भट्टी होते.

जाळीबद्दल एकच सांगते: षट्कोनी छिद्रांची स्वस्त कोंबडजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. आमच्या भागात कुत्र्यांपेक्षा जास्त त्रास मुंगूस आणि घुशींचा आहे, आणि घूस खालून येते. म्हणून जाळीचा खालचा फूट-दीड फूट भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून त्यावर विटा किंवा माती टाका. उकरणारा प्राणी भिंतीच्या पायथ्याशीच उकरायला लागतो आणि तिथे त्याला जाळी लागते. अंगणाला वरूनही जाळी हवी. शिक्रा छोट्या कोंबडीवर झडप घालतो, आणि कावळे दाण्यावर येतात ते वेगळंच.

कावळ्यांचं मी उगाच म्हणत नाही. डिसेंबर २०२० च्या शेवटी इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मेलेले सापडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला, हे इथल्या लोकांना आठवत असेल. दाण्या-पाण्याची भांडी छपराखाली ठेवायची आणि रानपक्ष्यांची शीट त्यात पडू द्यायची नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आता जमीन. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि जुलैत तिचा नुसता राडा होतो. अंगण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच घ्या, खाली मुरूम, वर जाडी वाळू. खुराड्याच्या आत चार इंच कोरडा भुसा: लाकडाच्या वखारीतला जाड भुसा उत्तम, गव्हाचा चालतो. अगदी बारीक, पिठासारखा भुसा नको, तो श्वासात जातो. एका कोपऱ्यात जुन्या टायरमध्ये कोरडी माती आणि थोडी राख भरून ठेवा. त्यात लोळून त्या पिसांतल्या उवा काढतात, आणि नवी कोंबडी पहिल्यांदा मातीत लोळली की समजावं, तिची भीती निम्म्याने गेली. कोंबडी जिवाला घोर असताना लोळत नाही.

कॉलनीत राहत असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगा, आणि सोसायटीचे किंवा नगर निगमचे काही नियम आहेत का ते विचारून घ्या. कोंबडा आणू नका. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, ती फक्त पिल्लांसाठी. पहाटे चारला आरवणाऱ्या कोंबड्यापायी दहा वर्षांचा शेजार तुटतो. आमच्या शेजारच्या काकू पक्क्या शाकाहारी. त्यांनी कुरकुर केली नाही याचं श्रेय कोंबडा नसण्याला आणि वर्षातून दोनदा त्यांच्या गुलाबांना मिळणाऱ्या खताला आहे. (ताजी शीट गुलाबाला घालू नका, मुळं जळतात. पाचोळ्याबरोबर चार-सहा महिने कुजवून मगच.)

कोणत्या आणि किती

तीनपेक्षा कमी नको. कोंबडी कळपात राहणारी. एकटी कोंबडी रुळत नाही, ती नुसती दबून राहते.

इंदूरला राहून कडकनाथचा मोह न होणं कठीण. झाबुआ-अलीराजपूरची ही आपल्या शेजारची जात. तिकडे तिला काळमाशी असंही म्हणतात, आणि झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उन्हाला काटक, रोगाला चिवट. पण रुळवायच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात घ्या. कडकनाथ अंगाने हलकी आणि उडण्यात तरबेज, सहा फुटांची भिंत तिला अडवत नाही. आणि स्वभावाने बुजरी, त्यामुळे तिला आठवडाभर जास्त द्यावा लागतो. अंडी वर्षाला शंभरच्या आसपास, आणि ती फिकट बदामी असतात, काळी नव्हे. काळी अंडी विकणारा भेटला तर पाकीट सांभाळा. वनराजा, गिरिराजासारख्या सुधारित जाती जड आणि शांत, पहिल्यांदाच पाळणाऱ्याला सोप्या.

वयाचं म्हणाल तर चार महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या घ्या. लस झालेली असते, उब द्यावी लागत नाही, आणि अंड्यावर यायच्या आत त्यांना घर ओळखायला वेळ मिळतो.

आणायचा दिवस

आठवडी बाजारातून कोंबड्या पाय बांधून, डोकं खाली लोंबकळत आणायची आपल्याकडे रीत आहे. त्याने पाय लचकतात आणि पक्षी इतका घाबरतो की पुढचे दोन दिवस तो खात नाही. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं न्या, तळाला गोणपाट घाला म्हणजे पाय घसरत नाहीत, आणि वर झाकण ठेवा. अंधारात कोंबडी शांत बसते.

घेण्याआधी प्रत्येक पक्षी हातात घेऊन बघा. डोळे उघडे आणि चमकदार, नाकपुड्या कोरड्या, श्वासाला घरघर नाही. शेपटीखालची पिसं स्वच्छ. तिथे पातळ शीट चिकटली असेल तर नको. पंख उचलून खालचं कातडं बघा, उवा पळताना दिसतात. पायावरचे खवले सपाट बसलेले असावेत; उचलून आलेले, खडबडीत असतील तर आत माइट, म्हणजे बारीक किडे आहेत. छातीचं मधलं हाड चाचपा, ते सुरीच्या धारेसारखं लागलं तर पक्षी उपाशी किंवा आजारी आहे. आणि विकणाऱ्याला दोन प्रश्न: राणीखेतची, म्हणजे मानमोडीची लस कधी दिली, आणि सध्या काय खातात. शक्य तर त्याच दाण्याची किलो-दोन किलोची पुडी विकत आणा.

दिवस निवडताना पंचांग नव्हे, कॅलेंडर बघा. दिवाळीचा आठवडा टाळा. फटाक्यांनी बिथरलेली नवी कोंबडी जाळीवर धडका घेते. रंगपंचमीही टाळा, गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते त्या दिवशी आमच्या भागात ढोल आणि डीजे किती असतात ते इंदूरकरांना सांगायला नको. संक्रांतीनंतर अंगणात मांजाचे तुकडे पडतात, ते वेचून काढा; पायाच्या बोटांत गुंतला तर बोट कापलं जातं. मे महिन्यात आणायच्याच असतील तर प्रवास उन्हं उतरल्यावर. सगळ्यांत चांगले महिने ऑक्टोबर, नोव्हेंबर, आणि मग फेब्रुवारी.

पहिली रात्र

घरी पोचायची वेळ अशी ठेवा की खोकं उघडाल तेव्हा सूर्य मावळतीला आलेला असेल. डिसेंबरात इथे पावणेसहाला अंधारायला लागतं, जूनमध्ये सात वाजून जातात. कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि या बाबतीत तिचं आंधळेपण आपल्या पथ्यावर पडतं.

खोकं खुराड्याच्या आत नेऊन ठेवा. दार लावून घ्या, तुम्ही आत. पाण्याचं भांडं आधीच भरलेलं असावं: लिटरभर पाण्यात चमचाभर गूळ, प्रवासाने थकलेल्या पक्ष्याला तेवढा आधार पुरतो. खोकं आडवं करा आणि बाजूला व्हा. हाताने ओढून काढू नका. एक पुढे येईल, मान वाकडी करून एका डोळ्याने बघेल, मग दुसऱ्या डोळ्याने. ती आली की बाकीच्या येतात. त्यांना दहा-पंधरा मिनिटं द्या. उजेड असेतो पाणी सापडलं पाहिजे. कोणी पीत नसेल तर भांड्यातल्या पाण्यावर बोटाने टिचक्या मारा, हलणारं पाणी त्यांना ओढतं.

मग पूर्ण अंधार होऊ द्या. तासाभराने टॉर्च घेऊन परत जा, टॉर्चच्या काचेवर लाल कागद किंवा लाल कापड बांधलेलं. कोणी दांडीवर असतील, कोणी कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसलेल्या. कोपऱ्यातल्यांना एकेक करून उचला: दोन्ही हात पंखांवरून, पंख अंगाशी दाबून, छाती तळव्यावर. दांडीसमोर अशी धरा की पायाची बोटं दांडीला टेकतील. बोटं आपणहून आवळली जातात. एखादी लगेच खाली उडी मारेल. परत ठेवा. तीनदा ठेवूनही उतरली तर आज राहू द्या.

बाहेर आलात की कडी लावा आणि कडीत हुक अडकवा. नुसती सरकती कडी मांजर पंजाने सरकवू शकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिले आठ दिवस: फार काही करू नका

हा भाग सांगायला सोपा, पाळायला सर्वांत अवघड, कारण घरी नव्या कोंबड्या आल्या की सगळ्यांना त्यांना बाहेर बघायचं असतं. पहिले दोन-तीन दिवस त्या फक्त आतल्या खुराड्यात. दाणा आत, पाणी आत. आठव्या दिवसापर्यंत फार तर आत आणि जाळीच्या अंगणात. मोकळ्या बागेत अजिबात नाही. कडकनाथ असतील तर आठाचे पंधरा दिवस करा.

याला अपवाद उन्हाळ्याचा. मे महिन्यात पत्र्याच्या खुराड्यात दिवसभर कोंडलं तर पक्षी मरेल. अशा वेळी दिवसा सावलीच्या जाळीच्या अंगणात ठेवा आणि मावळतीच्या अर्धा तास आधी सगळ्यांना आत घेऊन दार लावा. रात्र आत गेली पाहिजे, एवढं सांभाळलं की बस.

दाणा त्यांच्या सवयीचाच द्या आणि आठवडाभरात हळूहळू तुमचा मिसळा. मोठी कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे पाच कोंबड्यांना रोज अर्धा किलोच्या थोडं वर. पाणी हिवाळ्यात दर कोंबडीला पाव लिटर, उन्हाळ्यात दुप्पट. अंड्यावर न आलेल्या तलंगांना लेयरचा, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा दाणा देऊ नका. त्यातलं जास्तीचं कॅल्शियम कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. अठराव्या आठवड्याच्या सुमारास, पहिलं अंडं दिसायला लागलं की बदला.

माळव्यात सोयाबीन घरोघरी, त्यामुळे हे वेगळं सांगते: कच्चं सोयाबीन कोंबडीला घालू नका. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, तो भाजल्या-शिजवल्याशिवाय जात नाही. बुरशी आलेला मका आणि भुईमूगही नको. ‘माणसाला चालत नाही, कोंबडीला घालू’ या हिशेबात कोंबड्या मरतात. उरलेल्या पोह्यांचंही तसंच. नुसते भिजवलेले पोहे आवडीने खातात, पण आपले शेव टाकलेले इंदुरी पोहे मिठामुळे त्यांना बाधतात. दाण्याबरोबर वाटीभर जाडी वाळू ठेवा. त्यांना दात नाहीत, पोटात गेलेले खडेच दाणे दळतात.

दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी जा आणि दर वेळी एकच हाक द्या. आम्ही ‘या या या’ म्हणत डबा वाजवतो. आत गेलात की उकिडवे बसा; उभा माणूस त्यांना शिकाऱ्यासारखा दिसतो. डोळे रोखून बघू नका. मूठभर बाजरी पायाशी टाका आणि गप्प बसून राहा. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यातली एक तुमच्या चपलेचा अंगठा टोचून बघेल. तेव्हा हसू आलं तरी हलू नका.

आता रात्रीची तपासणी, जी मी अजूनही दर नव्या पक्ष्याची करते. दांडीवर झोपलेल्या कोंबडीच्या गळ्याखाली, छातीच्या किंचित उजव्या बाजूला हात लावा. तिथे अन्नाची पिशवी असते. दिवसभर नीट खाल्लं असेल तर ती लिंबाएवढी, भरीव पण बोटाने दाबता येईल अशी लागते, आत दाणे कळतात. काहीच लागलं नाही तर ती उपाशी झोपली आहे. बहुधा दुसरी तिला दाण्याजवळ येऊ देत नाही, तेव्हा दाण्याचं दुसरं भांडं वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. सकाळी दार उघडण्याआधी परत हात लावा. आता पिशवी रिकामी हवी. सकाळीही ती भरलेली, दगडासारखी किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागली तर आत काही अडकलं आहे, डॉक्टरला दाखवा.

शीट बघायची सवय करा. तपकिरी, वर पांढरी टोपी, ही नेहमीची. आठ-दहांतली एक चिकट, कारमेलसारखी आणि घाण वासाची असते. तीही नेहमीचीच, घाबरू नका. रक्त दिसलं, पक्षी पिसं फुगवून डोळे मिटून उभा राहिला, तर ती रक्ती हगवण असू शकते. ओल्या भुशात हा रोग एक-दोन दिवसांत पसरायला लागतो, म्हणून पावसाळ्यात ओला झालेला भुसा त्याच दिवशी काढा. उपचार पशुवैद्याला विचारूनच. इंदूरला सरकारी पशुचिकित्सालय आहे, आणि महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय अर्ध्या-पाऊण तासावर.

पहिले दोन-तीन आठवडे आधीपासून अंडी देणारी कोंबडीही अंडी बंद करते. विकणाऱ्याला फोन करून भांडू नका. जागा बदलली की असं होतंच.

दार उघडायचा दिवस

आठ रात्री झाल्या, त्या आपणहून दांडीवर चढायला लागल्या, हाकेला डब्याकडे येतात. मग मोकळ्या अंगणात सोडा. पण सकाळी नाही. सूर्य मावळायच्या तासभर आधी सोडा, संध्याकाळचा दाणा न देता. भूक आणि उतरता उजेड, दोन्ही त्यांना घराकडे ओढतात. अर्ध्या तासाने डबा वाजवा, दाणा खुराड्याच्या आत टाका, दार लावा. रोज अर्धा-अर्धा तास अलीकडे आणत न्या. आठवड्याभरात सकाळी सोडता येतात.

कडकनाथसाठी याआधी एक काम: एका पंखाची पुढची लांब दहा पिसं अर्ध्यावर कातरा, एकाच पंखाची, म्हणजे तोल जातो आणि उंच उडता येत नाही. पिसाचा दांडा रक्ताळलेला, जांभळट दिसत असेल तर ते नवं वाढणारं पीस आहे, त्याला हात लावू नका. पिसं गळून नवी आली की परत कातरावी लागतात.

संध्याकाळी दार लावताना मोजा. आत गेल्या असतील असं समजून दार लावू नका, बोटाने मोजा. एखादी कमी असली तर आधी उंच जागा बघा: झाड, पत्रा, टाकी. सापडली की टॉर्च विझवा, अंधारात उचला आणि दांडीवर ठेवा. दोन रात्री लागोपाठ बाहेर झोपली तर तिला परत तीन दिवस आत कोंडा, दया न करता. माझ्या शेवग्याच्या खालच्या फांद्या मी शेवटी छाटूनच टाकल्या.

जुन्या कोंबड्या आधीपासून असतील तर

मग वरचं सगळं करायच्या आधी तीन-चार आठवडे नव्यांना अगदी वेगळं ठेवा, शक्य तितकं लांब, निदान घराच्या दुसऱ्या बाजूला. वेगळी भांडी, वेगळ्या चपला. रोज आधी जुन्यांचं करायचं, मग नव्यांचं, आणि हात धुवायचे. वरून धडधाकट दिसणारा पक्षी रोग घेऊन येऊ शकतो, तो या तीन-चार आठवड्यांत बाहेर पडतो. एकदा मला हे थोतांड वाटलं होतं. चांगल्या दिसणाऱ्या दोन तलंगा मी थेट कळपात सोडल्या आणि दहा दिवसांत सगळ्या अकराजणी शिंकत होत्या.

त्यानंतर दहा-बारा दिवस एकाच अंगणात मधे जाळी लावून ठेवा: दिसतील, ऐकू येतील, पण टोचता येणार नाही. दाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवा म्हणजे एकत्र खायची सवय होते. जाळीला छाती लावून भांडणं थांबली की मगच एकत्र करा.

एकत्र करायच्या दोन पद्धती आहेत. रात्री झोपलेल्या कळपात नव्यांना दांडीवर ठेवून द्यायचं, ही गावाकडची जुनी पद्धत. ती चांगली आहे, पण लोक समजतात तशी जादू नाही. सकाळी त्यांना परकी कोंबडी बरोबर कळते. म्हणून ही पद्धत जाळीच्या दहा दिवसांनंतर वापरा, त्यांच्याऐवजी नव्हे. आणि पहाटे दार उघडायला तुम्ही हजर हवेत. दुसरी पद्धत म्हणजे संध्याकाळी मोठ्या मोकळ्या जागेत एकत्र चरायला सोडणं. मला ही जास्त आवडते, कारण पळायला जागा असते. नवी एकटी कधीच सोडायची नाही, निदान दोघी. आणि त्या जुन्यांच्या अंगाएवढ्या झालेल्या हव्यात.

भांडण होणारच. कळपात कोण कोणाला टोचू शकते याची उतरंड असते, आणि नवी आली की ती सगळी नव्याने लागते. पाठलाग, मानेवर एक टोच, पिसाचा झुपका, हे चालू द्या. मधे पडलात तर तेच भांडण उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. रक्त दिसलं मात्र त्याच क्षणी जखमी कोंबडी बाहेर काढा, कारण लाल रंगावर बाकीच्या सगळ्या तुटून पडतात. जखम धुऊन जांभळं औषध लावा, त्याने लाल रंग झाकला जातो. दाण्या-पाण्याच्या दोन-दोन जागा, आणि आडोसे: उभी फळी, उलटं डालगं, वाळलेल्या फांद्यांचा ढीग. दबणाऱ्या कोंबडीला नजरेआड होता आलं की निम्मं भांडण मिटतं. एखादी जुनी फारच दादागिरी करत असेल तर तिलाच तीन-चार दिवस वेगळं ठेवा. परत येते तेव्हा ती नवी झालेली असते.

पिल्लं आणली असतील तर

एक दिवसाच्या पिल्लांना सहा आठवडे तरी खुराडं नाही. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश उब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा: दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवली तर थंडी, भिंतीला चिकटून चोची उघडल्या तर उकाडा, सगळीकडे पसरून खात असतील तर बरोबर. आल्या आल्या प्रत्येकाची चोच पाण्यात टेकवा.

लसोटाची (मानमोडीवरचीच) लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गम्बोरो या रोगाची चौदाव्याच्या सुमारास, लसोटा परत चौथ्या आठवड्यात, देवीची सहाव्या आठवड्यात आणि मानमोडीचं टोचणं आठव्यात. तारखा तुमच्या पशुवैद्याकडून पक्क्या करून घ्या. पाण्यातून लस देताना नर्मदेचं नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोरीनने जिवंत लस मरते. बोअरिंगचं पाणी घ्या, आणि दोन तासांत संपेल एवढंच.

पूर्ण पिसं आल्यावर, सहा आठवड्यांनंतर, त्यांना खुराड्यात हलवा आणि वरची सगळी पायरी पहिल्या रात्रीपासून करा. दांडीवर चढायला ती वेळ लावतात, म्हणून पहिले काही दिवस विटांवर एक दांडी अगदी खाली, अर्ध्या फुटावर ठेवा.

खोकं ओळखायला शिकवणं

चार-पाच कोंबड्यांना एक खोकं, फूटभर लांब-रुंद-उंच, अंधाऱ्या बाजूला. तलंगांचा तुरा लाल व्हायला लागला आणि तुम्ही पाठीवर हात ठेवताच त्या खाली बसून पंख फुगवायला लागल्या की अंडं दोन-तीन आठवड्यांवर आलं. तोवर खोकं बंद ठेवलं असेल तर आता उघडा, गवत घाला आणि त्यात एक टेबल टेनिसचा चेंडू ठेवा. इथे आधी कोणीतरी अंडं घातलं आहे, म्हणजे जागा सुरक्षित आहे, असं त्यांना वाटतं. आमच्या घरी चेंडू मुलाने पळवला, तेव्हा सासूबाईंनी संगमरवरी खलबत्त्यातला जुना गोल बत्ता दिला. अंडी त्यांना स्वयंपाकघरात चालत नाहीत, मागच्या ओट्यावर वेगळी शेगडी आहे. पण त्या बत्त्याशेजारी पहिलं अंडं दिसलं ते त्यांनाच, सकाळी सातला, तुळशीला पाणी घालून परतताना.